खंडेनवमीच्या पाटावर पाच डिस्का

लातूर,
कोजागिरीचा आदला दिवस

श्रीयुत आलोकराव यांना श्रीनाथचा वाकून नमस्कार,

('वाकून' वाचून खुर्चीतून पडला असशील तर आधी उठून बस, बाकीचं सावकाश वाच.) रीतीने पाहिलं तर तू माझा धाकटा मेव्हणा. मी तुला चिरंजीव लिहायचं, वरून आशीर्वाद ठेवून द्यायचा, आणि तू दाजी दाजी करत माझ्या चहाची व्यवस्था बघायची, असं आपलं सत्तावीस वर्षं बरं चाललं होतं. पण ज्या घरात साठवणीचा डबा मेव्हण्याचा, त्याचा पासवर्ड मेव्हण्याचा आणि तो बिघडला तर दुरुस्त करणाराही मेव्हणाच, त्या घरातल्या जावयाने मानपान आवरता घ्यावा हे बरं. हैद्राबादला थंडी पडायला लागली का? तुझी ॲसिडिटी कशी आहे? रात्री बिर्याणी खाऊ नकोस म्हणून मी नेहमी सांगतो, ते मी प्रेमापोटी सांगतो, हे या निमित्ताने नमूद करतो. इकडे आप्पा खुशाल. तुझी बहीण इंदू खुशाल, रोज बसने औशाच्या शाळेत शिकवायला जाते, येते, शाळेतला राग शाळेतच ठेवून येते असं म्हणते. मीही खुशालच आहे, म्हणजे बाहेरून.

आता एवढं सगळं फोनवर का बोललो नाही, पोस्टाचं तिकीट लावून का लिहायला बसलो, ही शंका तुला आलीच असेल. तर बाबा, मला फोनवर बोलायला जागा नाही. पुढे स्वयंपाकघरात तुझी बहीण, मागे पत्र्याच्या खोलीत तुझे वडील, क्लासवर आमचे मालक व्यंकटराव सर. मला एकांत मिळतो तो फळ्याकडे तोंड केल्यावर, आणि तिथे मला ऐंशी पोरं ऐकत असतात. व्हॉट्सॲपवर लिहावं तर माझं व्हॉट्सॲप इंदूच्या लॅपटॉपवरही उघडतं. (हेही तूच करून दिलंस. दिवाळीला आलास की एकेक सोय करून जातोस आणि मी वर्षभर निस्तरत बसतो.) म्हणून हा जुना मार्ग. पाकीट डिंकाने चिकटवून इंदूकडेच देणार आहे, कारण औशाच्या बसला जाताना पोस्ट तिच्या वाटेत लागतं. आत दिवाळीचं निमंत्रण आहे असं तिला सांगणार आहे, आणि तेही आहेच: दिवाळीला या.

विषय डब्याचाच आहे, चार हार्ड डिस्कांच्या, घराचे नि क्लासचे व्हिडिओ साठवायच्या. तू त्याला नॅस म्हणतोस, आप्पा त्याला कोठी म्हणतात, मी डबा म्हणतो. डबा भरला, हे तुला श्रावणातच कळवलं होतं. कसा भरला हे मात्र तेव्हा सांगितलं नव्हतं. क्लासचे तास आपण त्यात साठवतो हे खरं, पण लातुरात एक तास एकदाच रेकॉर्ड होत नाही. रसायनशास्त्रातली माझी एकटी 'मोल संकल्पना' त्यात नऊ वेळा आहे. एकात मधेच पाण्याचा टँकर भोंगा वाजवत येतो आणि सगळी पोरं खिडकीकडे बघतात. एकात समोरच्या मेसवाल्या उमादेवी 'पोळ्या किती टाकू' असं इतक्या जोरात विचारतात की माझ्या तोंडून 'सहा पूर्णांक शून्य दोन' हे उत्तर त्यांनाच दिल्यासारखं वाटतं. एकात कॅमेरा लावणारा निघून गेला आणि तीन तास नुसता फळा आहे. मी कधी डावीकडून येतो, कधी उजवीकडून जातो. तो तरी पुसावा म्हटलं, तर रिपीटर बॅचची पोरं म्हणतात, सर, तोच चांगला समजतो. त्यात व्यंकटराव सरांची स्वागताची भाषणं, दरवर्षीची वेगळी ठेवलेली, आणि प्रत्येकात वाक्यं तीच. त्यात मुदखेडच्या मावशींच्या नातवाचं बारसं, पूर्ण, पाळण्याखालून घेतलेलं. थोडक्यात, डबा भरायला विद्येपेक्षा नातेवाईक जास्त कारणीभूत आहेत.

आणि त्यातच, एका कोपऱ्यात, तुझ्या आईंचं किल्लारी. ते तूच रेकॉर्ड केलेलं, तुला सांगायला नको. भूकंपात पडलेल्या जुन्या गावात कुणाचं घर कुठं होतं ते आप्पा आणि आई गल्लीवार सांगतायत, आणि सांगता सांगता भांडतायत. आई जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून आप्पांचा रिवाज काय आहे तो तुला फोनवर कुणी धड सांगितलेला नाही, म्हणून मी सांगतो. दुपारचं जेवण झालं की ते पत्र्याच्या खोलीत बसतात (स्लॅबखाली ते आजही पाठ टेकत नाहीत), टीव्हीवर आईंचा व्हिडिओ लावतात, आणि भांडण जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू करतात. आई टीव्हीतून म्हणतात, मारुतीच्या देवळापासून किशनराव शिंप्याचं घर चौथं. आप्पा खाटेवरून म्हणतात, तिसरं. सगळा वाद एका गोठ्याचा आहे. आई तो मोजतात, कारण त्यात शिवकांता बाळंत झाली होती आणि वर्षभर राहिली होती. आप्पा मोजत नाहीत, कारण गोठा तो गोठाच. दोनशे वेळा तरी ऐकलं असेल मी भिंतीआडून. पण आप्पांचं जेवण अंगी लागतं ते त्या भांडणाने, हे घरात सगळ्यांना कळतं.

तर, मोठ्या डिस्का बसवायचं ठरलं. नियोजनाची बैठक आमच्या ओसरीवर झाली. व्यंकटराव सरांचं म्हणणं, चारही जुन्या एकदम काढा, चारही नव्या एकदम घाला. निकाल लागला की आपण अख्खी बॅच बदलतो तसं. मी त्यांना तुझा नियम समजावून सांगितला. एका वेळी एकच काढायची, नवी घालायची, बाकीच्या तिघी मिळून नवीला सगळं शिकवतील, दिवा हिरवा होऊन स्थिर होईपर्यंत हात लावायचा नाही, मग दुसरी. हॉस्टेलच्या खोलीत कसं, एक पोरगा गेला की एकच नवा येतो, आणि टाकीची चावी कुठे असते ते बाकीचे तिघे त्याला सांगतात. चौघे एकदम गेले तर चावी गेली. सरांना पटलं. आप्पा खाटेवरून सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "भूकंपानंतर आमीबी असंच गाव मांडलं. एका गल्लीतला एक गेला तर बाकीच्यानी सांगितलं, हितं त्याचं घर हुतं. पर दोन गेले की मंग कुणाला इचारायचं?" बैठक तिथेच संपली.

पहिली नवी डिस्क नांदेडच्या दुकानातून एसटीच्या पार्सलने आली. अहमदपूरच्या रस्त्याने आली हे मी तिच्या खोक्याकडे बघूनच ओळखलं. आप्पा म्हणाले, एवढे हादरे खाऊन आलीय, आधी तिला इचारा काय ध्येनात हाय का. तरी मी ती तू सांगितल्याप्रमाणे बसवली, अगदी तुझा तो व्हिडिओ तीनदा बघून. जुनी बाहेर, नवी आत, नारिंगी दिवा लुकलुकायला लागला. तू बजावलं होतंस की हे चालू असताना बटण अजिबात दाबू नका. आलोक, मी शपथेवर सांगतो, त्या बटणाला आजतागायत माझं बोट लागलेलं नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी आली.

(इथे जरा थांबून पाणी पी.)

इंदू शाळेतल्या बायकांबरोबर तुळजापूरला गेली होती, नाहीतर हे घडलंच नसतं. घरात मी आणि आप्पा. तुमच्याकडची खंडेनवमी तुला माहीत आहे. किल्लारीला असताना पाटावर कुऱ्हाड, खुरपी, विळे, पाभरीचा फण, मांडायला जागा पुरायची नाही. या वर्षी आप्पांनी अंघोळ करून, धोतर नेसून, पाट मांडला आणि त्याच्यावर ठेवायला त्यांच्याजवळ एक विळा निघाला. एवढ्या मोठ्या पाटावर तो एक विळा. रान बटईने दिलेलं, अवजारं बटईदाराकडे. आप्पा नुसतं विळ्याची जागा बदलत राहिले, मधे ठेवला, मग कडेला. मला बघवेना. मी खडूची पेटी आणि डस्टर आणून ठेवलं. तरी पाट रिकामाच. मग माझ्या मनात आलं, या घराची भाकरी ज्याच्यावर चालते ते खरं हत्यार कोणतं? सगळे तास, सगळ्या बॅचा, सगळी रिपीटर पोरं कुणाच्या पोटात आहेत? अख्खा डबा आणला असता, पण त्याच्या वायरी भिंतीला बांधलेल्या (तूच बांधल्यास) आणि वरून धूळ. म्हटलं, पूजा देवाची करायची, देव्हाऱ्याची नाही. मी डब्याला हात जोडले आणि एकेक खण ओढून चारही डिस्का बाहेर काढल्या. बटण दाबलं नाही, हे पुन्हा सांगतो. डबा टूं टूं करायला लागला. मला वाटलं, आरतीची वेळ आहे, चांगलंच आहे.

खाली पाटावर बघतो तर चार. आप्पा म्हणाले, चार बरं दिसत न्हाई, पाच करा. तेव्हा मी आदल्या दिवशी काढलेली ती जुनी डिस्क, जी मी खोक्यात घालून नीट ठेवली होती, तीही आणून मांडली. पाच झाल्या. आप्पांनी पाचही जणींना आपल्या अंगठ्याने हळद-कुंकू लावलं. त्यांचा हात उदार; डिस्कांवरच्या चिठ्ठीवरचे नंबर काही दिसायचे राहिले नाहीत. वर झेंडूची फुलं, आपट्याची पानं उद्याची म्हणून कडेला. एवढा आनंद त्यांच्या तोंडावर मी आई गेल्यापासून पाहिला नव्हता. आणि पूजेला बसलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही हा तुमच्या घरचा नियम, तेव्हा त्या दुपारी आप्पांनीही टीव्ही मागितला नाही आणि डिस्का रात्रभर तिथेच राहिल्या. डबा रिकाम्या पोटाने बोंबलत होता. मी त्याच्यावर टॉवेल टाकला.

दसऱ्याला सकाळी देवाला सोनं वाहून झाल्यावर मी डिस्का उचलायला गेलो, तेव्हा माझी खऱ्या अर्थाने पाचावर धारण बसली. खण चार, डिस्का पाच. नवी ओळखू आली, ती जाडजूड. उरलेल्या चारही जुन्या, एकाच आईच्या, एकाच उंचीच्या, एकाच कुंकवाच्या. त्यातली काढलेली कोणती आणि राहिलेल्या कोणत्या? कुंकू पुसून नंबर बघावेत, तर नंबर आधी लिहून ठेवलेत कुणी? मी रसायनशास्त्राचा माणूस, संभाव्यता काढली. चारात एक. आमच्या पोरांना आम्ही सांगतो, खात्री नसेल तर पर्याय भरू नका, गुण कापले जातात. आणि मी भरला. दिवा लाल झाला. दुसरा पर्याय भरला. लाल. मग मला आठवलं की आपल्याला हात लावू नका असं सांगितलं होतं. मी डिस्का पाचही जिथल्या तिथे पाटावर ठेवल्या (जिथल्या तिथे म्हणजे कुठे, ते देव जाणे), पाट उचलून कपाटावर ठेवला, डब्याची वायरच काढली, टॉवेल नीट पांघरला आणि त्यावर 'काम चालू आहे' असा कागद लावला. करायला गेलो गणपती, झाला मारुती.

क्लासच्या तासांची मला फिकीर नाही. निम्मे व्यंकटराव सरांच्या कॉम्प्युटरवर आहेत, आणि उरलेली मोल संकल्पना मी दहाव्यांदा सांगेन, टँकर आला तर टँकरसकट. पण त्याच दुपारी आप्पा जेवून उठले, पत्र्याच्या खोलीत गेले, खाटेवर बसले आणि टीव्हीकडे तोंड करून माझी वाट बघायला लागले. या माणसाचं गाव एकदा पडलंय, आणि आता त्याची बायको माझ्या घरातून, माझ्या हाताने, कुंकू लावून गेली, असं मला झालं. तोंडाला आलं ते बोललो. म्हटलं, आप्पा, रिमोटचे सेल गेलेत. ते म्हणाले, मंग? मी म्हटलं, मग काही नाही, पण मला वाटतं किशनरावाचं घर चौथंच.

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की बस्स. म्हणाले, "सर, तुमी कदी बगितलं वो जुनं गाव?" बघितलं कुठे, माझं लग्न भूकंपानंतरचं. पण मी म्हटलं, गोठा मोजायला पाहिजे. ज्या जागेत बाळंतीण वर्षभर राहिली, चूल पेटली, बारसं झालं, ते घर नाही तर काय? आप्पा उठून बसले. दोन तास भांडलो आम्ही. माझा चारचा तास चुकला (क्लासला दसऱ्याचीही सुट्टी नसते). दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, टीव्हीच गरम होतोय. तिसऱ्या दिवशी त्यांनी टीव्हीचं विचारलंच नाही, चहा ठेवा म्हणाले आणि सुतारगल्लीपासून सुरू केलं. आता रोज चालू आहे. आईंचे सगळे मुद्दे मला तोंडपाठ आहेत हे मलाच ठाऊक नव्हतं. विहिरीचा रस्ता डावीकडून, सुमनबाईच्या दारात बाभळ नव्हे तर लिंब, सगळं मी आईंच्या बाजूने लढवतो, आणि जे गाव डोळ्यांनी पाहिलं नाही त्याच्या गल्ल्यांत आता मी रात्री झोपेतही चुकत नाही. खोटं कशाला सांगू, मजा येते. पण किती दिवस असं निभावणार? एक ना एक दिवस ते म्हणतील, सर, लावा बरं जरा टीव्ही, तिला इचारू. आणि माझे सगळे मुद्दे त्या दिवशी संपतील.

असो. पत्र लिहिण्याचं मूळ कारण एवढंच, की पुढच्या डिस्का आठ टीबीच्या घ्याव्यात की बाराच्या, ते कळव. सवडीने.

तुझा,
श्रीनाथ दाजी

ता. क. डिस्कांचं मरू दे. तुझ्या लॅपटॉपवर आईंच्या त्या व्हिडिओंची प्रत आहे का? तू गेल्या दिवाळीला 'गाडीत बघायला नेतो' म्हणाला होतास, आणि मी तेव्हा तुला हसलो होतो. नेली असलीस तर मी पुन्हा कधी तुला हसणार नाही. आणि नसलीस तर काहीतरी निमित्त काढून लवकर ये. पाचही डिस्का मी कुंकवासकट जपून ठेवल्या आहेत.

ता. क. २. इंदूला यातलं काही माहीत नाही. कळू देऊ नकोस. तिने मला बजावलं होतं की आलोक येईपर्यंत डब्याला हात लावायचा नाही.

ता. क. ३. (हे हस्ताक्षर माझं आहे, इंदूचं.)

आलोक, तुझ्या दाजींनी डिंक सुकू दिला नव्हता, पाकीट बसमध्येच उघडलं, म्हणून घरी परत आणलं. कपाटावरचा पाट मला तुळजापूरहून आल्या दिवशीच दिसला आणि मी तुला फोन केला, त्यामुळे यातलं तुला सगळं माहीतच आहे, पण त्यांनी इतकं मनापासून लिहिलंय की फाडायला जीव होईना, म्हणून तसंच पाठवते. तू फोनवर सांगितलंस तसं मी परवा, दाजी टेस्ट सिरीजला गेले तेव्हा, कुंकू पुसून तुझ्याकडच्या यादीशी नंबर जुळवले आणि त्या चार जुन्या लावल्या. नंतर तू तिकडून काय केलंस ते तूच जाणे, पण सगळं आलं. मोल संकल्पना नवाच्या नऊ आल्या. टॉवेल आणि तो कागद परत तसाच लावून ठेवलाय, कपाटावरच्या पाटावर कापड टाकलंय, दाजी त्याच्या जवळून जातानासुद्धा मान खाली घालून जातात.

आई पण आली. मी लगेच आप्पांना लावून दिली. त्यांनी बघितली, गोठ्यापर्यंत बघितली. मग म्हणाले, ऱ्हाऊ दे आता. मी विचारलं, का? तर म्हणाले, "ती आपलंच म्हनती गं. मी काय म्हनलो ते तिला ऐकूच येत न्हाई. सर ऐकत्यात, आन मंग भांडत्यात." आणि रिमोट स्वतः उशीखाली घातला.

तेव्हा डबा नीट झालाय हे दाजींना एवढ्यात सांगू नकोस. दिवाळीला येशील तेव्हा तू दुरुस्त केल्यासारखं कर. तोवर त्यांना असंच घाबरून राहू दे. त्यांचा चारचा तास मी व्यंकटराव सरांना सांगून पाचला नेलाय.

आप्पा शेजारीच बसलेत. त्यांनी माझ्याकडून हे सगळं वाचून घेतलं आणि आता 'लिही' म्हणून मागे लागलेत, म्हणून लिहिते: सरांना काय बी सांगू नगंस, पर घर तिसरंच हाय.